एन्ट्री

गारगोटीच्या स्टँडवर कोल्हापूरची एसटी येऊन थांबते. माणसं उतरतात, चढतात, खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरल्या जातात. कंडक्टर मात्र आधी नियंत्रकाच्या खिडकीकडे निघतो. गाडी कधी सुटणार, असं कुणी विचारलं की चालता चालताच सांगतो, "एन्ट्री करून येतो, मग सुटायचं." गाडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते, पण महामंडळाच्या लेखी ती अजून आलेली नसते. वहीत वेळ पडली की ती आली.

हा शब्द आमच्या भुदरगड तालुक्यात आता इतका रुळलाय की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीची एन्ट्री होते, त्यासाठी धूर सोडणारी माणसं वेगळी ठरवलेली असतात. बँकेतून येताना पासबुकात एन्ट्री मारून आण, असं म्हातारा नातवाला बजावतो. पाटगावच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या उसात गवा शिरला की दुसऱ्या दिवशी पेपरात गव्याची एन्ट्री छापून येते. अभयारण्यात जाताना माणसाला नाक्यावर नाव लिहून पैसे भरावे लागतात. गव्याला उसात येताना कुणाला विचारावं लागत नाही. पण त्यानं तुडवलेल्या उसाची भरपाई हवी असेल तर शेतकऱ्यानं आधी पंचनामा करून घ्यायचा. नुकसान रानात झालेलं दिसत असलं तरी कागदावर ते पंचनाम्यानंतरच होतं.

दूध संस्थेत हेच रोज दोन वेळा घडतं. पहाटे म्हशीखाली बसते ती बाई, वैरण आणते ती बाई, शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन उकिरड्यापर्यंत जाते तीही बाईच. किटली संस्थेत पोचली की लिटर आणि फॅटची एन्ट्री पडते, आणि ती पुष्कळ घरांत घरधन्याच्या नावावरच्या खात्यात पडते. उसाचंही तसंच. बिदरी कारखान्याकडे उसाची नोंद कोणत्या तारखेला झाली, त्यावर तोड कधी येणार हे ठरतं. त्या उसाची भांगलण कुणी केली हे विचारायला नोंदवहीत रकाना नसतो.

मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. पायानं आत येणं तो प्रवेश, आणि शाईनं आत येणं ती नोंद. 'दाखल' हा एक जुना शब्द मात्र दोन्हीकडे चालायचा. माणूस दवाखान्यात दाखल होतो, पोर शाळेत दाखल होतं, आणि तसं झाल्याचा कागद मिळतो तो दाखला. एन्ट्रीनं आता त्याचीच जागा घेतलीय. मला या शब्दाचं मोल वाटतं ते यासाठी की तो एकाच वेळी दोन प्रश्न विचारतो. तुला आत येऊ दिलं का? आणि आल्यावर तुझं नाव कुठे लिहिलं का? माझ्या आयुष्यात मी पाहिलेल्या बायकांपैकी बहुतेकींना या दोन्हींची उत्तरं 'हो' अशी एकदम कधी देता आली नाहीत.

गारगोटी हे तालुक्याचं गाव. वेदगंगेच्या काठी वसलेलं, आणि कचेरीमुळे सगळ्या तालुक्याला माहीत असलेलं. दाखला काढायला, तारखेला, उतारा आणायला, रेशनकार्डासाठी माणसं वाड्या-वस्त्यांवरून इथंच येतात. याच गारगोटीच्या कचेरीवर 13 डिसेंबर 1942 रोजी क्रांतिकारकांनी हल्ला केला. कचेरी संस्थानी राज्याची, आणि संस्थानावर छत्र इंग्रजांचं. त्या चकमकीत सात जण हुतात्मे झाले. करवीरय्या स्वामी आणि नारायण वारके ही त्यांतली दोन नावं इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतात, कारण तालुक्यातल्या सूतगिरणीलाही तीच नावं आहेत. लहानपणी हुतात्म्यांना वंदन करायला आम्हा मुलांना रांगेनं नेत. तेव्हा मला एवढंच कळायचं की या माणसांनी परवानगी न मागता आत पाऊल टाकलं आणि त्याची किंमत जिवानं दिली. कचेरी या वास्तूचा जो दरारा तेव्हाच्या माणसांच्या मनात असेल, त्याचा थोडा अंश अजून शिल्लक आहे. पहिल्यांदा एकटीच कागद घेऊन आलेली बाई दारातच चपला काढते, हे मी आजही बघतो.

पण गारगोटीचं नाव देशात गेलं ते शाळेमुळे. पाटगावचे मौनी महाराज, ज्यांचे आशीर्वाद घ्यायला शिवाजी महाराज आले होते असं इकडं मानतात, त्यांचं नाव घेऊन 1952 साली इथं मौनी विद्यापीठ सुरू झालं. त्यामागे होते जे. पी. नाईक. शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढे 1964 ते 66 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात मोठा वाटा उचलला. शहरातून खेड्याला काय द्यावं हे सांगणारे पुष्कळ होते. खेड्यात येऊन बसकण मारणारे थोडे. नाईक हे त्या थोड्यांपैकी.

नाईकांनी भारतातल्या शाळेचा जो दोष सांगितला, तो एन्ट्रीचाच होता. 1975 मध्ये आलेल्या प्राथमिक शिक्षणावरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी म्हटलं आहे की आपल्या शाळेला आत शिरायचं दार एकच आहे. वयाच्या सहाव्या वर्षी पहिलीत, तेही दिवसभराच्या शाळेत. तिथून दरवर्षी एकेक पायरी वर चढत जायचं. मधेच पाय घसरला की बाहेर पडायला वाट मोकळी, पण परत आत यायला वाट नाही. नवव्या वर्षी शिकावंसं वाटलं, तेराव्या वर्षी सवड मिळाली, तर त्या मुलानं कुठे जायचं? नाईकांचं म्हणणं असं की दारं अनेक ठेवा. कोणत्याही वयात आत येता येईल अशी, आणि दिवसा राबणाऱ्यांसाठी अर्धवेळ वर्गांची. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनी पुढे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 9 ते 14 वयाच्या मुलामुलींसाठी संध्याकाळी-रात्री भरणारे वर्ग चालवून हे करून दाखवलं. त्यात मुली मोठ्या संख्येनं होत्या, कारण दिवसा धाकटी भावंडं सांभाळणं आणि शेरडं राखणं त्यांच्याच वाट्याला आलेलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कॉलेजसाठी 'मल्टिपल एन्ट्री' हे शब्द आले तेव्हा पेपरांनी ते नवं म्हणून छापलं. शाळेच्या बाबतीत हा विचार नाईकांनी तेव्हाच मांडून ठेवला होता.

त्या एकाच दारातून जे शिरले त्यांच्याही नोंदी कशा झाल्या, ते आमच्या पिढीला विचारा. जून उजाडला की मास्तर वस्तीवर फिरायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं. जनरल रजिस्टरला जन्मतारीख पडायची 1 जून. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेली माणसं किती आहेत ते पेन्शनीत निघणाऱ्यांच्या याद्यांत दिसतं. आमच्या वेळच्या रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. ज्या आईला पोराच्या जन्माचा महिना, तिथी, त्या दिवशीचा पाऊस, पेरा झाला होता की नव्हता, सगळं आठवत होतं तिला कुणी तारीख विचारलीच नाही. तिचं नावही ओळीत नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. मूल, आई, बाप, आडनाव, असा आता क्रम आहे. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. कारण पुढची प्रत्येक नोंद ही पहिल्या नोंदीवरून उतरवून घेतली जाते.

बाईच्या बाबतीत सगळ्यात गाजावाजा होतो तो पायाच्या एन्ट्रीचा. सून उंबऱ्यावर येते, उखाणा घेते, तांदळाचं माप पायानं लवंडते, आत येते. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत एक दुसरी एन्ट्री होते, तिला वाजंत्री नसते. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि तो जोडून सासरच्या कार्डात नाव चढवायचं. 'कमी करणे' आणि 'चढवणे' हे कचेरीतले शब्द. मधल्या काळात, कधी कधी वर्ष वर्ष, ती मुलगी दोन्हीकडे नसते. माझी वहिनी निपाणीकडची. भाषा तीच, देव तेच, बाजारही निपाणीचाच, पण राज्य वेगळं. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला आमच्याकडे सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, तेव्हा सीमेपलीकडून आलेल्या बायकांसमोर प्रश्न उभा राहिला की आपण इथल्या आहोत याचा कागद कोणता? शेवटी सरकारनं नवऱ्याचे कागद चालतील असं ठरवलं. वहिनीचा अर्ज भरला गेला, पैसेही आले. पण रांगेत उभं असताना तिनं जे विचारलं ते माझ्या मनातून जात नाही. "लगीन होऊन मी इथं आले त्याला एवढी वर्सं झाली, पोरं झाली, आणि मी इथली हाय हे ह्यांच्या कागदावरनं ठरणार व्हय?"

आणि मग सातबारा. याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आमच्याकडे माणसाची खरी एन्ट्री सातबाराचीच मानली जाते.

मालक मेला की वारस लावायचे. दिवस घातल्यावर कुणी तरी शहाणा माणूस विषय काढतो. तलाठ्याकडे अर्ज जातो, गाव नमुना 6 म्हणजे फेरफाराच्या वहीत नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि मग नाव सातबाराला चढतं. 1966 च्या जमीन महसूल संहितेनं घालून दिलेली ही रीत आहे, आणि रीत चांगली आहे. गाळणी असते ती अर्ज लिहिण्याच्या आधी, घराच्या सोप्यात. जुने उतारे काढून बघा. कब्जेदार म्हणून भावांची नावं, नाहीतर थोरल्या भावाचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणी कुठे आहेत? खाली, 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या बोज्याशेजारी. म्हणजे घराच्या आवारात आहेत, पण सोप्यात नाहीत.

माझ्या आत्तीचं नाव तिथंही राहिलं नाही. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. दिवस झाल्यानंतर वडील आणि चुलते सोप्यात बसले होते, आत्ती आतल्या दाराशी. हक्कसोडपत्राचा विषय निघाला. कुणी जबरदस्ती केली नाही, आवाजही चढला नाही. आत्तीच म्हणाली, "मला काय करायचाय जमिनीचा तुकडा? पंचमीला, दिवाळीला भावांच्या दारात आले तर या म्हणा, म्हंजे झालं." दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिचा अंगठा उठला. येताना तिला लुगडं घेतलं. सगळ्यांना बरं वाटलं, तिला सगळ्यात जास्त.

मोठा झाल्यावर मला तो व्यवहार उमगला. आत्तीनं एक एन्ट्री देऊन दुसरी घेतली होती. कागदावरचं नाव सोडलं, त्याच्या बदल्यात दार उघडं ठेवून घेतलं. आमच्याकडे हजारो बहिणींनी हेच केलंय आणि अजून करताहेत. त्यांना कायदा कळत नाही असं शहरातली माणसं म्हणतात ते मला पटत नाही. त्यांना सगळं कळतं. नाव मागितलं तर माहेर तुटेल हे त्यांना कायद्याहून जास्त स्पष्ट दिसतं. सासरी चार वाईट दिवस आले तर जायचं कुठे, हा विचार करून त्या अंगठा उठवतात. हा त्याग नव्हे. ज्याच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या आहेत अशा माणसानं केलेला तो हिशेब आहे, आणि त्या दोन वाटा ठेवणारे आपण, भाऊ.

कागद राहतो, दार राहतंच असं नाही. वडील गेले, चुलत्यांच्या वाटण्या झाल्या, जुना सोपा पाडून तिघांनी तीन घरं बांधली. आत्ती ज्या खोलीत उतरायची ती खोली कुणाच्याच वाट्याला आली नाही. ती आली की आता कुणाकडे उतरायचं हा प्रश्न पडायचा, तिला आणि आम्हालाही. कुणी तिला नको म्हटलं नाही. पण हक्कानं चूल पुढं ओढून बसायची जी जागा होती ती गेली होती. शेवटची काही वर्षं ती दिवाळीला यायची ती चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

याच काळात वडिलांचे वारस लागले आणि आईचं नाव सातबाराला आलं. मी उतारा आणून तिला दाखवला. तिला अक्षरं लावून वाचता येतात. बोटानं ओळ धरून तिनं आपलं नाव वाचलं, मग गट नंबर विचारला, मग म्हणाली, "म्हंजे माळाचं रान न्हवं ह्ये? ह्यातच मी पहिल्यांदा भात लावलं." चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या रानात ती वाकून उभी होती तिथं तिची एन्ट्री नवरा गेल्यावर झाली. नवरा असताना बाईचं नाव जमिनीला लागावं म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली होती, गावंच्या गावं त्यात उतरली होती. आमच्या भागात त्याचं वारं फार आलं नाही, याची मला खंत आहे. सातबाराला नाव नसेल तर बाई विकास संस्थेची कर्जदार सभासद होऊ शकत नाही, तिच्या नावावर पीककर्ज निघत नाही, गव्यानं ऊस तुडवला तर भरपाई तिच्या नावानं येत नाही. राबणारी ती असली तरी कागदावर ती शेतकरी नसते.

कायद्याचं दार मात्र उघडं आहे, आणि ते एकदाच उघडणारं दार नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला होता. तो तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता होता. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेल्यांनाही तो मिळाला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, 2005 मध्ये बाप जिवंत होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. सातबाराला नाव नाही म्हणून वारसाचा हक्क संपत नाही, वारस लावायला उशीर झाला म्हणूनही संपत नाही. जे तिनं स्वतः नोंदणीकृत कागदानं सोडलं ते मात्र जातं. नाईकांनी शाळेसाठी जे मागितलं, की कोणत्याही वयात आत येता यावं, ते जमिनीच्या बाबतीत कायद्यानं बऱ्याच अंशी दिलेलं आहे. अडतं ते सोप्यात.

सोप्याचा उंबरा कुठल्या न्यायालयाला ओलांडता येत नाही, हे मला कबूल आहे. पण उंबरे ओलांडले गेले आहेत. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका शाळेत बसवा असा हुकूम काढला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले केले. तेव्हाही माणसं म्हणाली असतील की घरं मोडतील, गावं दुभंगतील. तेव्हाच्या मुंबई राज्यात 1956 साली मंदिरप्रवेशाचा जो कायदा झाला त्याच्या इंग्रजी नावातच 'एन्ट्री' हा शब्द आहे. त्या कायद्याच्या आधारानं 2016 च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं बायकांना देवळात जाण्यापासून अडवता येणार नाही, असं सांगितलं आणि त्याच महिन्यात अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायका गेल्या. देवीच्या गाभाऱ्यात बाईला जायला एवढा काळ लागला, तर बापाच्या सातबारात यायला थोडा लागणारच. पण तो आता आपल्या हातानं कमी करता येतो.

म्हणून हे वाचणाऱ्या भावांना माझी विनंती आहे. घरात वारस लावायची वेळ येईल तेव्हा अर्जात बहिणीचं नाव पहिल्यांदाच लिहा, तिनं मागायची वाट बघू नका. तिला हक्कसोड करायचीच असेल तर तिला तिचा वेळ घेऊ द्या, दिवसाच्या जेवणावळीत तिच्यासमोर कागद ठेवू नका. नाव राहिलं तरी पंचमीचं बोलावणं जाणार आहे, हे तिला आधी सांगा, आणि बोलावणं खरंच धाडा. आईचं नाव वडील असतानाच लावता येतं का, ते तलाठ्याला विचारा. सातबारा आता 'महाभूलेख'वर घरबसल्या फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. आज संध्याकाळी आपल्या गटाचा उतारा काढा आणि कब्जेदारांच्या रकान्यात घरातल्या कोणकोणत्या बायका आहेत ते मोठ्यानं वाचून दाखवा.